वाक्य पुरं होईपर्यंत

आईच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे वाचता येणार नाही का?"

डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसत राहील. ज्याच्याकडे रोखून बघाल, नेमकं तेवढंच दिसणार नाही. इंजेक्शनं घेत राहिलात तर डाग वाढायचा वेग कमी होईल. आणि मग निघता निघता त्यांनी आणखी एक सांगितलं. एखाद्या दिवशी आत रक्तस्राव होऊन एकदम काळोख आल्यासारखं वाटू शकतं. तसं झालं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच यायचं.

आई भिवंडीच्या मराठी शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःसाठी एवढंच राखून ठेवलं होतं, की दुपारची जेवणं झाली की पुस्तक घेऊन खिडकीशी बसायचं. बाबा मूळचे जवळच्याच अंजूर गावचे. घरची शेती भावांनी सांभाळली आणि बाबांनी पाणीखात्यात नोकरी केली. त्यांना वाचनाचं वेड नव्हतं, पण आई वाचत असली की ते टीव्हीचा आवाज बारीक करायचे. परतीच्या रिक्षेत ते आईचा हात धरून बसले होते. असं मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

कॉम्प्युटरची कल्पना माझी. मी बायपासजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. लॉकडाऊनमध्ये घरून काम करण्यासाठी घेतलेला डेस्कटॉप तेव्हापासून कोपऱ्यात पडून होता. त्याला मी एक मोठा मॉनिटर जोडला, त्यात कथा-कादंबऱ्या उतरवून घेतल्या, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं येतील असं केलं, आणि अक्षरं वाढवत वाढवत तळहाताएवढी केली. आई खुर्ची ओढून बसली. आधी सरळ बघितलं, मग मान थोडी डावीकडे वळवली, हनुवटी उचलली, जणू स्क्रीनच्या मागे कोणी उभं आहे आणि त्याच्याशी बोलायचंय. आणि वाचलं, "सकाळी... उठून... तो..."

एका ओळीत तीन-चार शब्द मावायचे. एक पान संपायला पूर्वीचं एक प्रकरण संपायचं तेवढा वेळ लागायचा. तरी ती रोज बसायची. उजेडाची चकाकी तिला सहन होत नसे, म्हणून बाबांनी बाजारातून जाड काळं कापड आणून आतल्या खोलीला पडदे शिवून घेतले. पडदे ओढायचे, ट्यूबलाईट बंद करायची, आणि त्या अंधारात तेवढी एक स्क्रीन. दारातून बघितलं की आईचा चेहरा उजळलेला दिसायचा.

आमच्या भागात लाईट जाणं नवीन नाही. आमच्या इमारतीच्या मागे पॉवरलूमची शेड आहे. शुक्रवारची सुट्टी सोडली तर लूमचा खडखडाट कधी थांबत नाही, इतका की तो ऐकूच येईनासा होतो. थांबला की मात्र लगेच कळतं. सगळा मोहल्ला एकदम गप्प होतो, म्हणजे लाईट गेली. आईलाही ते असंच कळायचं. स्क्रीन विझली आणि लूम गप्प झाले की ती म्हणायची, "घ्या, गेली," आणि हात मांडीवर ठेवून वाट बघायची.

त्या दिवशी थंडी होती. पंखा बंद होता. मी कामावर होते आणि बाबा सकाळीच भावाकडे अंजूरला गेले होते. जेवून आई आतल्या खोलीचं दार लोटून वाचायला बसली. वाचता वाचता समोरचं सगळं काळं झालं.

ती थांबली. मागे लूम चालूच होते. खडखडाट जसाच्या तसा.

पुढचं तिने मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, एकदा भाजी निवडताना, एकदा माझी वेणी घालताना. आधी वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. म्हणून भिंतीला हात लावत लावत ती उठली आणि ट्यूबलाईटचं बटण दाबलं. खट्‌ आवाज आला, पण उजेड आला नाही. पुन्हा दाबलं. लूम चालू आहेत म्हणजे लाईट आहे. बटण दाबलंय म्हणजे ट्यूब लागलेली आहे. मग दिसत का नाही?

"पडदा सरकवून बघायचा ना गं," मी म्हणाले होते.

"पडद्यापर्यंत गेले होते," ती म्हणाली. "कापड हातात धरलं होतं. पण सरकवायची हिंमत झाली नाही. सरकवल्यावरही काही दिसलं नसतं तर?"

मग ती परत खुर्चीवर येऊन बसली. मोबाइल स्वयंपाकघरात होता. शेजारी हाक मारता आली असती, तिने मारली नाही. ती म्हणाली, तेवढ्या वेळात तिने एक केलं. सगळ्यांचे चेहरे आठवून बघितले. माझा आला. तिच्या आईचा आला. बाबांचा आणायला गेली तर लग्नातला येत होता, टोपी घातलेला, काळ्याभोर मिशीचा. आत्ताचा काही केल्या येईना. "त्याची मला फार भीती वाटली," ती म्हणाली. "म्हटलं, आता हा माणूस मला कायमचा तिशीतलाच दिसणार."

बाबा आले ते चार वाजायच्या सुमाराला. बेल वाजेना म्हणून त्यांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती. आतल्या खोलीचं दार ढकलून ते म्हणाले, "अगं, काळोखात काय बसलीस? लाईट न्हाय हाय, माहीत न्हाय का तुला?"

"लाईट नाही?" आई म्हणाली.

"आपल्या बिल्डिंगची गेलीय. खाली वायरमन आलाय, फेज उडाला म्हणं." आणि त्यांनी पुढे होऊन पडदा बाजूला ओढला.

आई खिडकीकडे बघत राहिली. समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, तारेवरचा कावळा, मध्ये तिचा नेहमीचा तो धूसर डाग. मग तिने मान वळवून कडेच्या नजरेने बाबांकडे बघितलं आणि रडायला लागली. बाबांच्या हातातली पिशवी तशीच. त्यांना वाटलं, माझ्या मामाकडून काही वाईट बातमी आलीय. "काय झालं गं? कोण गेला? सांगशील का न्हाय?" ते विचारत राहिले आणि ती नुसती त्यांच्या गालावरून, मिशीवरून हात फिरवत राहिली.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा दोघं हॉलमध्ये शेंगा सोलत बसली होती. आई नेहमीसारखी बोलत होती. बाबांनी मला गॅलरीत बोलावून सगळं सांगितलं.

त्यानंतर आई कॉम्प्युटरवर बसेना. आज डोळे चुरचुरतात, आज कंटाळा आलाय, उद्या बघू. बाबांनी मात्र एक सुरू केलं. लाईट गेली की असतील तिथून ते ओरडायचे, "लाईट गेली गं! लाईट!" न्हाणीघरातून, जिन्यातून, एकदा तर खाली वाण्याच्या दुकानातून. आजूबाजूचे लोक हसायचे. आमच्या तिन्ही मजल्यांना लाईट गेल्याची बातमी बाबांकडून कळायला लागली.

शेवटी एका रविवारी बाबांनीच विषय काढला. "सगळ्या घरालाच इन्व्हर्टर बसवू. पंखे, लाईट, तुझा कॉम्प्युटर, सगळा चालंल. काय?"

मी म्हटलं, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर धड चालेल की नाही ते बघावं लागेल. लाईट गेल्यावर साधा इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर घेतो. पंख्याला ते कळत नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यातही बंद पडू शकतो. आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलाखाली यूपीएस असतो. लाईट गेली की तो तिथल्या तिथे बॅटरीवर जातो, स्क्रीन हलत नाही, आणि पीं पीं करत राहतो. आम्ही तर त्याला वैतागतो.

"पीं पीं करतो?" आईने विचारलं. ती तांदूळ निवडत होती. निवडत होती म्हणजे बोटांनी चाचपत होती.

"लाईट गेल्याची सूचना देतो."

तिने ताट बाजूला ठेवलं. "मग तेच आणू. मला घरभर दिवे लावून काय करायचंय? माझी स्क्रीन विझली नाही पाहिजे. आणि लाईट गेली तर मला कोणीतरी सांगितलं पाहिजे. तुम्ही घरात असाल, नसाल."

बाबा उठून आत गेले आणि मॉनिटरच्या मागे आणि सीपीयूच्या पाठीवर किती वीज लागते ते लिहिलेल्या पट्ट्या असतात, त्यांचे मोबाइलवर फोटो काढून आणले. दुकानात विचारतील, ते म्हणाले.

आई बरोबर येणार हे आम्ही धरलंच नव्हतं. बाजारातली गर्दी, हातगाड्या, कापडाचे तागे भरलेले टेम्पो. पण ती साडी बदलून दाराशी उभी. "बाहेर जायचं म्हणून तुमच्या मागे लागत नाही मी कधी. आज येते."

दुकान अरुंद होतं, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. मालक पन्नाशीचे, मेहंदी लावलेली दाढी, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. त्यांनी आईसाठी स्टूल पुसून दिलं. बाबांनी फोटो दाखवले. त्यांनी ते बोटांनी मोठे करून बघितले.

"मॉनिटर बडा है, भाऊ. सगळ्यात छोटा यूपीएस चालेल, पण एकदम टाईट होईल. खोक्यावर जो मोठा आकडा असतो ना, तेवढा सगळा लोड घेत नाही तो. उसके ऊपरवाला घ्या. प्रिंटर जोडणार?"

"नाही," मी म्हटलं.

"अच्छा है. प्रिंटर जोडायचा पण नाही, तो एकदम करंट ओढतो. किती मिनिटांचा बॅकअप पाहिजे?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मला हातातलं वाक्य पुरं करता आलं पाहिजे."

मालकांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "किती लांब वाक्य, मॅडम?"

"असतात काही काही लेखकांची अर्ध्या पानाची," आई म्हणाली. "आणि मी हळू वाचते."

ते हसले नाहीत. मान डोलावली आणि मागच्या फळीवरून खोकी काढायला लागले. बाबांनी तेवढ्यात त्यांना बाजूला घेऊन आईच्या डोळ्यांचं थोडक्यात सांगितलं. दुकान एवढंसं होतं, की बाजूला घेऊनही सगळ्यांना ऐकू येत होतं. आईही ऐकत होती. ऐकत नाही असं दाखवत होती.

काउंटरवर तीन यूपीएस आले. एकाला पुढे छोटी स्क्रीन होती. किती लोड, किती बॅटरी, सगळे आकडे त्यावर दिसत. मला तोच आवडला होता. मालक म्हणाले, "ये सबसे अच्छा, पण," आणि आईकडे बघून त्यांनी स्वतःच तो जरा मागे सरकवला.

"आवाज ऐकवा ना," आई म्हणाली.

"आवाज?"

"लाईट गेल्यावर करतो तो."

"मॅडम, गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, आवाज बंद कुठून करायचा. ऐकवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पण त्यांनी एकेकाला टेस्टिंगचा बल्ब जोडला आणि भिंतीतली पिन खेचली.

पहिला असा किंचाळला, की बाबा दचकून मागच्या खोक्यांवर आदळले. "टिटवी हाय ही! न्हाय पाहिजे." आकड्यांच्या स्क्रीनवाला बारीक, घाईघाईत वाजायचा. तिसऱ्याचा आवाज जरा भरदार होता. एकदा वाजायचा, मग बराच वेळ गप्प, मग पुन्हा एकदा. आई मान खाली घालून ऐकत होती. शाळेत पोरं कविता म्हणून दाखवत तेव्हा ती अशीच बसत असणार.

"बॅटरी संपायला आली की कसा वाजतो?"

"तब लगातार, जल्दी जल्दी."

"तेही ऐकवा."

नवीन बॅटरी उतरायला वेळ लागणार होता. मालकांना आठवलं, तसाच एक यूपीएस दुरुस्तीला आलाय, त्याची बॅटरी जुनी आहे. तो आतून आणला, बल्ब जोडला. चहा मागवला. आम्ही चौघं त्या डब्याभोवती चहा पीत बसलो, बल्बाकडे बघत. बाबा मालकांना अंजूरचं सांगत होते, खाडीकडच्या शेतांत आता कशी गोदामं उभी राहिली. मध्येच आवाजाची लय बदलली, भरभर वाजायला लागला, आणि बल्ब विझला.

"कळलं," आई म्हणाली. "हा घाबरवत नाही. सांगतो. हाच द्या."

पुढचे प्रश्न मी विचारले. आपल्याकडच्या साध्या तीन पिनांच्या वायरी याला बसतात का? बसतात. बॅटरी गेली तर पूर्ण डबा बदलायचा का? नाही, दोन-तीन वर्षांनी नुसती बॅटरी, इथेच मिळेल. व्होल्टेज खालीवर झालं तर? ते म्हणाले, भिवंडीत लाईट जाण्यापेक्षा व्होल्टेजचाच खेळ जास्त. तो हा आतल्या आत सांभाळून घेईल, फक्त टक्‌ असा आवाज येईल. मग आईकडे वळून म्हणाले, "मॅडम, टक् झालं तर घाबरायचं नाही. तो काम करतोय म्हणून समजा."

दुकानाच्या पायऱ्या उतरताना खोकं बाबांच्या खांद्यावर होतं आणि आईने त्यांचा दुसरा दंड धरला होता. मी मागून चालत होते.

घरी आल्यावर लगेच वाचायला मिळालं नाही. आधी रात्रभर चार्ज करायचा होता. बाबांनी तो टेबलाखाली ठेवला, मग आईच्या पायाला लागेल म्हणून बाजूला घेतला, मग तिथे हवा लागणार नाही म्हणून पुन्हा पुढे. दुसऱ्या दिवशी जोडाजोड झाल्यावर ते भिंतीतली पिन काढायचे, वाजला की परत लावायचे. आई शेवटी म्हणाली, "अहो, संपवाल त्याला."

तरी बसायला ती दोन दिवस बिचकत होती. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते. मी चपला न वाजवता आत गेले.

खरोखरची लाईट गेली ती त्यानंतर काही दिवसांनी. मला सणाची सुट्टी होती, भर दुपार. मी आणि बाबा हॉलमध्ये होतो, पंखा बंद, टीव्ही बंद. शुक्रवार असल्यामुळे लूमही बंद. आम्हाला काहीच कळलं नाही. आतून तो भरदार आवाज एकदा आला. बाबा ताडकन उठले. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघं दाराशी जाऊन उभे राहिलो.

स्क्रीन तशीच उजळलेली होती. आई मान डावीकडे कलती करून वाचत होती, ओठ हलत होते. आवाज पुन्हा आला. तिने माउसचं चाक एकदा फिरवलं, आणखी दोन ओळी वाचल्या. मग बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाली, "लाईट गेलीय बरं का! दुधाचं भांडं फ्रीजमधून बाहेर काढू नका आता."

बाबा हसले. पण त्या दिवसापासून त्यांचं ओरडणं थांबलं, आणि त्यांना जरा रिकामं रिकामं वाटायला लागलं, हे मी बघत होते. लाईट गेली की ते तोंड उघडायचे आणि मिटायचे. मग काहीतरी निमित्त काढून आत जायचे. पाणी हवं का, चहा टाकू का. एकदा तसेच गेले आणि लवकर बाहेर आले नाहीत. मी डोकावले तर आईच्या बाजूला दुसरी खुर्ची लावून बसलेले. एवढी मोठी अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय दिसत होती. "ही काय गोष्ट हाय?" ते विचारत होते, आणि आई त्यांना मागची हकीकत सांगत होती.

त्याला आता बराच काळ लोटला. इंजेक्शनं चालू आहेत. डाग वाढला, पण हळू वाढला. आई थकेपर्यंत स्वतः वाचते, मग डोळे मिटून मागे टेकते आणि बाबा पुढे सुरू करतात. गावाकडचं पात्र आलं की ते असं काही वाचतात, की आई खुर्चीत हसून हसून वाकडी होते. मध्यंतरी बॅटरी बदलली. बाबा एकटेच त्या दुकानात गेले आणि दुपारभर परतलेच नाहीत, चहा पीत बसले असणार.

गेल्या आठवड्यात मी चहा घेऊन आत गेले तेव्हा वाचन थांबलेलं होतं. आईने डोळे मिटले होते. बाबा मात्र स्क्रीनवर वाकून, तोंडातल्या तोंडात काहीतरी करत होते. माउसचं चाक बारीक करकरलं.

"अहो," आई डोळे न उघडता म्हणाली, "पुढे वाचू नका."

"न्हाय वाचत, बाई. तो मरतंय का, तेवढाच बघितला."

"मरतो का?"

"ते तुला कशाला सांगू?"

आईने डोळे उघडले, खुर्ची पुढे ओढली आणि मान डावीकडे वळवली. "सरका तिकडे," ती म्हणाली. "माझी मी बघते."